उच्चांक, अजिंक्यपद आणि प्रतिस्पर्धी

सांघिक खेळात एखाद्या खेळाडूच्या नावावर लागलेला उच्चांक श्रेष्ठ की त्याच्या संघाने मिळवलेले अजिंक्यपद श्रेष्ठ, या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट न तपासताच मान्य करून बसलेल्या असतात. ती अशी की, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येतात. प्रत्यक्षात अजिंक्यपद हा समोर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या लढतीचा निकाल असतो, तर उच्चांक ही त्या दिवशी मैदानात हजर नसलेल्या, अनेकदा हयातही नसलेल्या खेळाडूंशी केलेली तुलना असते. पहिल्या प्रकारात मैदान, हवा, पंच आणि नियम दोघांनाही सारखेच असतात. दुसऱ्या प्रकारात ते सारखे होते असे केवळ मानून चालावे लागते, आणि हे मानणे बहुतेक वेळा खोटे असते. म्हणून कोणते मोठे हे ठरवण्याआधी, यांपैकी प्रत्येक गोष्ट नेमके काय सिद्ध करते, याची छाननी करणे भाग आहे.

अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांत हा वाद फार चवीने चालतो, आणि त्याला त्या खेळाची रचनाच कारणीभूत आहे. या खेळात एकाच संघाचे आक्रमण करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा हे वेगवेगळे खेळाडू असतात. आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या आणि चेंडू हाताने पुढे फेकणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचला की टचडाउन होतो, आणि किती यार्ड अंतर कापले गेले याचा हिशेब प्रत्येक खेळाडूच्या नावावर स्वतंत्रपणे मांडला जातो. म्हणजे ज्याच्या खात्यावर अजिंक्यपदे मोजली जातात तो क्वार्टरबॅक, आपल्या संघाचा बचाव चालू असताना, सीमारेषेबाहेर बसलेला असतो. पेटन मॅनिंग या खेळाडूने २०१३च्या हंगामात डेन्व्हर संघाकडून ५५ टचडाउनचे फेक आणि ५,४७७ यार्ड असे दोन्ही उच्चांक केले, आणि त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, ज्याला सुपर बोल म्हणतात त्यात, डेन्व्हरला सिॲटलने ४३-८ असे चिरडले. दोन वर्षांनी तोच मॅनिंग थकलेला होता. २०१५च्या हंगामात त्याचे टचडाउनचे फेक अवघे ९ आणि प्रतिस्पर्ध्यांनी मध्येच झेललेले फेक १७ होते, पण डेन्व्हरच्या बचावफळीने संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. अजिंक्यपद हेच खेळाडूचे माप मानले, तर २०१५चा मॅनिंग २०१३च्या मॅनिंगपेक्षा श्रेष्ठ ठरतो, आणि हा निष्कर्ष त्याचा कट्टर चाहताही स्वीकारणार नाही.

हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील महागावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी वेगळ्या रूपात, क्रिकेटच्या रूपात, भेटतो. महाराष्ट्र राज्यात रणजी करंडक स्पर्धेत उतरणारे संघ तीन आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. महागाव तालुका पैनगंगेच्या उत्तरेला असल्याने इथला मुलगा खेळलाच तर विदर्भाकडून खेळणार, आणि नदीपलीकडच्या माहूरचा मुलगा, तो जिल्हा नांदेड असल्याने, महाराष्ट्राकडून खेळणार. या दोन संघांच्या इतिहासाकडे पाहिले तर प्रस्तुत वादाच्या दोन्ही टोकांची उदाहरणे हाताशी येतात. महाराष्ट्र संघाकडे देशातील सर्वांत मोठा वैयक्तिक उच्चांक आहे, तर विदर्भाकडे अलीकडच्या काळातील सर्वांत अनपेक्षित अजिंक्यपद.

हा वैयक्तिक उच्चांक भाऊसाहेब निंबाळकर यांचा. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठियावाड संघाविरुद्ध रणजी सामन्यात कोल्हापूरच्या या फलंदाजाने नाबाद ४४३ धावा केल्या. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत संपला होता. महाराष्ट्राने ४ बाद ८२६ पर्यंत मजल मारली, आणि त्यात निंबाळकर व भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील, म्हणजे मान्यताप्राप्त संघांच्या किमान तीन दिवसांच्या सामन्यांतील, तोवरची सर्वोच्च खेळी डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर होती. ती १९३० सालची, नाबाद ४५२ धावांची. निंबाळकर ९ धावांनी मागे असताना तिसऱ्या दिवशीच्या मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी महाराष्ट्राने डाव घोषित करावा अशी मागणी केली, आणि ती मान्य होत नाही असे पाहून सामना सोडून दिला. काठियावाडचा संघ परत मैदानात आलाच नाही. महाराष्ट्र सामना जिंकला आणि निंबाळकरांचा जागतिक उच्चांक हुकला.

या प्रसंगाची आठवण बहुधा हळहळीच्या सुरात काढली जाते, ठाकोरसाहेबांच्या खिलाडूपणावर ताशेरे ओढले जातात, आणि ते ताशेरे अन्याय्य नाहीत. पण या प्रसंगातून निघणारा तात्त्विक मुद्दा हळहळीत हरवून जातो. काठियावाडने सामना सोडला त्या क्षणी महाराष्ट्राला जे हवे होते ते, म्हणजे विजय, पूर्णपणे मिळाले. प्रतिस्पर्धी निघून गेल्यावरही विजय शिल्लक राहतो, किंबहुना तो अधिकच निर्विवाद होतो. उच्चांक मात्र प्रतिस्पर्धी निघून गेल्याबरोबर अशक्य झाला, कारण गोलंदाजी करायला कोणी नसेल तर नऊ धावाही काढता येत नाहीत. उच्चांकाला प्रतिस्पर्ध्याची गरज अजिंक्यपदापेक्षाही अधिक असते, आणि तरीही उच्चांकाच्या नोंदीत प्रतिस्पर्ध्याचे नाव सर्वांत बारीक अक्षरांत असते. ४४३ हा आकडा आजही भारतीयाची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळी म्हणून ज्यांना ठाऊक आहे, त्यांपैकी काठियावाडच्या एकाही गोलंदाजाचे नाव सांगू शकणारे किती निघतील? त्या दिवशीच्या गोलंदाजीचा कस काय होता हे कळल्याशिवाय ४४३ची किंमत ठरवता येत नाही. आणि ८२६ धावांना केवळ चार गडी बाद झाले, एवढी एक गोष्टसुद्धा त्या किमतीबद्दल बरेच काही सांगून जाते. निंबाळकरांना कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही, हा त्यांच्यावर झालेला अन्याय होता असे मानायला भरपूर जागा आहे, पण तो अन्याय सिद्ध करण्यासाठी ४४३ हा सर्वांत भक्कम पुरावा नव्हे.

याउलट टोकाचे उदाहरण अगदी अलीकडचे आणि पुन्हा अमेरिकन फुटबॉलमधले आहे. चेंडू हातात घेऊन धावत अंतर कापणाऱ्या खेळाडूंचा एका हंगामातील उच्चांक एरिक डिकरसन याच्या नावावर १९८४पासून आहे, २,१०५ यार्डांचा. २०२४च्या हंगामात फिलाडेल्फियाच्या सॅक्वान बार्कलीने सोळा सामन्यांत २,००५ यार्ड कापले, तेव्हा एक सामना शिल्लक होता आणि उच्चांक मोडायला १०१ यार्ड हवे होते. संघाचे बाद फेरीतले स्थान त्या सामन्यावर अवलंबून नव्हते. म्हणून प्रशिक्षकांनी बार्कलीला, दुखापतीचा धोका नको या विचाराने, त्या सामन्यात खेळवलेच नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. काठियावाडने प्रतिस्पर्ध्याचा उच्चांक अडवला, फिलाडेल्फियाने स्वतःच्याच खेळाडूचा; आणि दुसऱ्या निर्णयावर फारशी टीका झाली नाही, यावरून जाणकारांच्या मनात दोन उद्दिष्टांचा क्रम कसा लागलेला असतो हे दिसते. डिकरसनने २,१०५ यार्ड सोळा सामन्यांच्या हंगामात केले होते आणि बार्कलीला सतरावा सामना उपलब्ध होता, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. बार्कलीने उच्चांक मोडलाच असता, तर तो कोणत्या अर्थाने मोडला असता, हा प्रश्न उरलाच असता.

उच्चांक देऊ करता येतो, ही त्याची आणखी एक दुर्बलता. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पकडून पाडण्याच्या कृतीला त्या खेळात सॅक म्हणतात. न्यूयॉर्कच्या मायकेल स्ट्रेहनने २००१च्या हंगामात साडेबावीस सॅकचा उच्चांक केला, तेव्हा शेवटच्या सॅकसाठी ग्रीन बेचा ब्रेट फार्व्ह स्वतःहून आडवा झाला, असा संशय आजही घेतला जातो. अजिंक्यपदाचे असे दान क्वचितच होते, कारण ज्याने ते द्यायचे त्यालाही तेच हवे असते.

इथपर्यंतचा युक्तिवाद अजिंक्यपदाच्या बाजूने झुकलेला दिसेल. पण त्याला छेद देणारा एक भारतीय सामना आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. १९४३-४४च्या पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना मुंबईत हिंदू आणि ‘शेष’ या संघांत झाला. पंचरंगी ही धर्मानुसार संघ पाडलेली स्पर्धा होती: युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम, आणि यांपैकी कशातच न बसणाऱ्यांचा शेष संघ. सांगलीत जन्मलेले विजय हजारे हे मराठी ख्रिस्ती कुटुंबातील असल्याने शेष संघाकडून खेळत. हिंदूंनी ५ बाद ५८१वर डाव घोषित केला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०; शेष संघ पहिल्या डावात १३३ धावांत गुंडाळला गेला. दुसऱ्या डावात शेष संघाच्या एकूण ३८७ धावा झाल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. भाऊ विवेक याने एक बाजू धरून ठेवत केवळ २१ धावा केल्या आणि दोघांची भागीदारी ३०० धावांची झाली. एवढे होऊनही हिंदू संघ एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला.

हा सामना तीन कारणांनी महत्त्वाचा आहे. एक तर या डावात प्रतिकार पूर्ण होता. समोरचा संघ जिंकण्यासाठी खेळत होता, विवेक वगळता सोबतचे गडी टिकत नव्हते, आणि पराभव जवळजवळ ठरलेला होता. दुसरे, ३०९ धावांनी निकाल बदलला नाही, फक्त पराभवाचे अंतर कमी झाले, आणि तरीही त्या सामन्यातले लोकांनी जपून ठेवले ते हजाऱ्यांचे ३०९. तिसरे आणि सर्वांत बोचरे कारण असे की, त्या स्पर्धेचे अजिंक्यपद आज कोणीच मिरवत नाही. धर्मावर संघ पाडणाऱ्या या स्पर्धेविरुद्ध गांधीजींनी १९४०मध्येच मत दिले होते, स्पर्धा १९४६मध्ये बंद पडली, आणि हिंदू संघाच्या त्या विजयाचा वारसा सांगणारी संस्थाच उरली नाही. अजिंक्यपद संस्थेच्या आधाराने जगते आणि संस्था मेली की त्याचा अर्थ विरतो. चांगली खेळी मात्र स्पर्धेच्या मरणानंतरही टिकू शकते. नागपूरच्या सी. के. नायडूंनी १९२६मध्ये मुंबईत इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा केल्या, तो सामना तर अनिर्णित राहिला होता. पण भारताला कसोटी दर्जा मिळण्याच्या वाटचालीत त्या खेळीचे स्थान आजही मोठे मानले जाते.

मग ४४३ आणि ३०९ या दोन खेळींत काय फरक आहे? दोन्ही उच्चांकाच्या कोटीतल्या, दोन्ही मराठी फलंदाजांच्या, दोन्ही एकाच दशकातल्या. पहिली जिंकलेल्या सामन्यातली, दुसरी हरलेल्या. निकालाचा निकष लावला तर पहिली वरचढ, आकड्याचा निकष लावला तरीही पहिलीच वरचढ. आणि तरीही क्रिकेट समजणारा माणूस दुसरीला वर ठेवतो. याचा अर्थ तो निकाल आणि आकडा या दोहोंपलीकडचा तिसरा निकष वापरतो, आणि तो निकष आहे प्रतिकाराचा. समोरच्याने किती जोर लावला होता, आणि त्या जोराला तोंड देण्यासाठी खेळाडूच्या हाती काय उरले होते, याचा तो निकष. अजिंक्यपदाचे मोठेपण मुळात यातूनच येते, कारण अजिंक्यपदाच्या लढतीत प्रतिकार कमाल असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणजे अजिंक्यपद हे खेळाचे प्रयोजन आहे, आणि उच्चांक हा त्या प्रयोजनाच्या वाटेवर काय घडले याचा पुरावा आहे. पुरावा म्हणून त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे. जो उच्चांक उलटतपासणीत टिकतो तो हरलेल्या सामन्यातलाही मौल्यवान, आणि जो टिकत नाही तो जिंकलेल्या सामन्यातलाही हलका.

ही कसोटी विदर्भाच्या अलीकडच्या इतिहासाला लावून पाहावी. विदर्भ संघ १९५७-५८पासून रणजी स्पर्धेत आहे, आणि साठ वर्षे त्याची गणना दुबळ्यांत होत असे. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला फैज फझलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवून पहिले अजिंक्यपद मिळवले. वेगवान गोलंदाज रजनीश गुरबाणी याने त्या सामन्यात हॅटट्रिक, म्हणजे लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी, अशी कामगिरी केली. रणजीच्या अंतिम सामन्यात त्यापूर्वी एकदाच हॅटट्रिक झाली होती, १९७२-७३मध्ये, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. तो सामना मुंबईने जिंकला, कारण पद्माकर शिवलकरांनी दोन डावांत १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. कृती तीच, स्पर्धा तीच, टप्पाही तोच. पण कल्याणसुंदरमची हॅटट्रिक आज फक्त गुरबाणीच्या संदर्भात आठवते. इथे मात्र प्रतिकाराचा निकष आपल्याला कल्याणसुंदरमला न्याय द्यायला भाग पाडतो: समोर सलग चौदा अजिंक्यपदे जिंकून आलेली मुंबई होती. लोकस्मृती निकालाच्या मागे जाते; परीक्षकाने तिच्यामागे जाण्याचे कारण नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या वाट्याला आलेला जागतिक उच्चांक अक्षय कर्णेवारचा आहे. दोन्ही हातांनी फिरकी टाकू शकणाऱ्या या गोलंदाजाने ८ नोव्हेंबर २०२१ रोजी सय्यद मुश्ताक अली करंडक या वीस षटकांच्या स्पर्धेत मणिपूरविरुद्ध ४ षटके टाकली, चारही निर्धाव, म्हणजे एकही धाव न देता, आणि २ बळी घेतले. पुरुषांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये असे आधी कधी घडले नव्हते. मणिपूर ५५ धावांत बाद झाले, विदर्भ १६७ धावांनी जिंकला. जिल्ह्याला याचा अभिमान वाटला यात काही वावगे नाही. पण मणिपूर त्या वेळी प्लेट गटात, म्हणजे नवख्या आणि दुबळ्या संघांच्या गटात, होते, आणि आठवड्याभरातच कॅनडाच्या एका गोलंदाजाने पनामाविरुद्ध हुबेहूब तेच आकडे नोंदवले. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर शून्य हा आकडा दिसतो तितका दुर्मीळ नसतो. त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, कर्नाटकाविरुद्ध, विदर्भाच्याच दर्शन नळकांडेने डावाच्या शेवटच्या षटकात लागोपाठच्या चार चेंडूंवर चार बळी घेतले. विदर्भ तो सामना ४ धावांनी हरला. कोणते षटक अधिक कसाचे होते, हे ठरवायला निकालाची मदत होत नाही आणि नोंदवहीचीही होत नाही. ती षटके कोणाला टाकली गेली, एवढेच विचारावे लागते.

हाच निकष हर्ष दुबेच्या बाबतीत उलट्या दिशेने काम करतो. २०२४-२५च्या रणजी हंगामात विदर्भाच्या या तरुण डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने ६९ बळी घेतले आणि बिहारच्या आशुतोष अमनचा २०१८-१९मधला ६८ बळींचा उच्चांक मोडला. फरक एका बळीचा आहे, आणि त्यासाठी दुबेला अमनपेक्षा दोन सामने जास्त मिळाले; निव्वळ आकडेमोड केली तर अमनची कामगिरीच वरचढ दिसेल. पण अमनचे बळी प्लेट गटातले होते, तर दुबेचे मुख्य गटातले, आणि त्याचा उच्चांकी बळी अंतिम सामन्यातला, ज्यानंतर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला. इथे उच्चांक आणि अजिंक्यपद एकमेकांना पुष्टी देतात.

मात्र अजिंक्यपदालाही उलटतपासणीतून सूट देता येणार नाही. त्या २०२५च्या नागपूरच्या अंतिम सामन्यात विदर्भाने केरळला हरवले नाही. सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ आणि केरळच्या ३४२ धावा झाल्याने ३७ धावांच्या आघाडीवर, नियमानुसार, विदर्भ अजिंक्य ठरला. नियम आधीपासून ठाऊक होता, म्हणून यात अन्याय नाही, पण अजिंक्यपद हेही एका संकेताचे अपत्य आहे हे यावरून उघड होते. शिवाय त्या सामन्यात केरळकडून ७९ धावांची झुंजार खेळी करणारा आदित्य सरवटे हा विदर्भाचाच जुना खेळाडू; २०१८-१९च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध ११ बळी घेऊन विदर्भाला दुसरे अजिंक्यपद मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा होता. खेळाडू संघ बदलतो तेव्हा त्याचे बळी त्याच्याबरोबर जातात, करंडक मात्र जुन्या संघाच्या कपाटात राहतो. वसीम जाफरच्या खात्यावर रणजीतील बारा हजारांहून अधिक धावा आणि दहा अंतिम सामन्यांतले दहा विजय आहेत. त्यांतले आठ मुंबईकडून आणि दोन विदर्भाकडून. हाच फलंदाज याच गुणांसह यवतमाळ जिल्ह्यात जन्मता आणि आयुष्यभर जुन्या विदर्भाकडून खेळता, तर धावा कदाचित तेवढ्याच झाल्या असत्या, पण दहा विजयांची कल्पनाही करता आली नसती. खेळाडूची किंमत अजिंक्यपदांच्या संख्येवरून करणे म्हणजे त्याच्या जन्मगावाची किंमत करणे होय, आणि क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या सात अजिंक्यपदांपुढे इतर सर्वांना खुजे ठरवणाऱ्या अमेरिकी चाहत्यांनाही हे सांगण्याची गरज आहे.

या वादाला एक रोकडी बाजू आहे, जिच्याविषयी तात्त्विक चर्चेत सहसा बोलले जात नाही. २०१७-१८च्या रणजी हंगामात कर्नाटकाच्या मयंक अगरवालने १,१६० धावा केल्या. कर्णधार फझलने ९१२ धावा केल्या आणि करंडक जिंकला, तोही उपांत्य सामन्यात अगरवालच्याच कर्नाटकाला ५ धावांनी हरवून. अगरवाल वर्षअखेर मेलबर्नला कसोटी खेळला. फझलच्या नावावर २०१६मधला एकच एकदिवसीय सामना राहिला, ज्यात त्याने नाबाद ५५ धावा केल्या होत्या. २०२४-२५मध्ये विदर्भाकडून खेळणाऱ्या करुण नायरने विजय हजारे करंडक या एकदिवसीय स्पर्धेत ८ डावांत ७७९ धावा काढल्या, तो केवळ दोनदा बाद झाल्याने सरासरी ३८९.५ झाली; विदर्भ अंतिम सामना कर्नाटकाकडून ३६ धावांनी हरला, आणि नायर त्याच वर्षी भारताच्या कसोटी संघात परतला. हरलेल्या अंतिम सामन्यात ३०९ धावा करणाऱ्या फलंदाजाच्या नावाने ही स्पर्धा खेळली जाते, हा योगायोग सूचक खरा. निवड समिती व्यक्ती निवडते, संघ निवडत नाही. म्हणून तिला वाचता येतील असे आकडे लागतात, आणि अजिंक्यपदातील व्यक्तीचा वाटा आकड्यांत उतरत नाही. पण आकड्यांचीही मर्यादा आहेच: मुंबईच्या अनेक अजिंक्यपदांचे भागीदार असलेले शिवलकर आणि रणजीत सर्वाधिक ६३७ बळी घेणारे हरियाणाचे राजिंदर गोयल, दोघेही त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकी गोलंदाज असलेल्या बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मल्याने एकही कसोटी न खेळता निवृत्त झाले. एकाकडे अजिंक्यपदे होती, दुसऱ्याकडे उच्चांक. दार दोघांसाठीही उघडले नाही.

महागाव, उमरखेड, पुसद या पट्ट्यातील कबड्डीच्या आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटच्या खुल्या स्पर्धांकडे या दृष्टीने पाहिले, तर तिथे हा वाद उद्भवतच नाही असे दिसते. कारण उघड आहे: अशा स्पर्धांत चषक दिला जातो, रोख बक्षीस दिले जाते, ‘उत्कृष्ट चढाईपटू’ म्हणून एखाद्याचा सत्कारही होतो, पण कोणी किती चढाया केल्या आणि किती गडी टिपले याची नोंद एका हंगामातून दुसऱ्या हंगामात टिकवणारी व्यवस्था नसते. उच्चांक ही लेखनाने निर्माण केलेली वस्तू आहे. गुणलेखक, नोंदवही आणि ती सांभाळणारी संस्था यांच्याविना ती जन्मालाच येत नाही. शिवलकरांचे १६ धावांतले ८ बळी आज सांगता येतात, कारण ते मुंबईच्या रणजी सामन्यातले होते. त्याच दिवशी पूस नदीकाठच्या एखाद्या मैदानावर कोणी तेवढेच बळी घेतले असतील, तर ते सांगणारे कोणी नाही. म्हणून अशा गावांत अजिंक्यपदाला मिळणारा मान हा काही थोर क्रीडातत्त्वाचा परिपाक नाही; ज्याची नोंद होऊ शकते तेवढेच लक्षात राहते, आणि तिथे फक्त निकालाची नोंद होते.

याचा परिणाम असा होतो की, नागपूरपासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या तालुक्यातील गुणी खेळाडू निवडकर्त्यांपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्याजवळ चषकासोबत काढलेली छायाचित्रे असतात, पण त्याने कोणत्या गोलंदाजीवर किती धावा केल्या हे दाखवणारा कागद नसतो. अजिंक्यपद त्याच्या संघाचे असते, आणि त्या संघात आणखी दहा जण असतात. उच्चांकाचा हव्यास खेळाला मारक आहे, असे मुंबई-पुण्याच्या क्रीडासमीक्षकाने म्हणणे सोपे आहे, कारण त्याच्या शहरातील शालेय सामन्यांचेही धावफलक वृत्तपत्रांत छापले जातात. निकालाला प्रयोजन मानायचे आणि आकड्यांना पुरावा, ही मांडणी तालुक्याच्या मैदानाला लागू करायची असेल, तर आधी तिथे पुरावा तयार व्हावा लागेल. म्हणजे स्पर्धेच्या खर्चात मंडपाबरोबर प्रशिक्षित गुणलेखकाचे मानधन धरावे लागेल, आणि त्याच्या वहीत फलंदाजाच्या धावांसमोर ते षटक कोणी टाकले याचाही रकाना असावा लागेल.